आजीचा ओवा आणि शब्बाथचा टेलिफोन



सणांचा महिना आटोपला. नव्याच्या सणाचं सफरचंद आणि मध, मग खिरीचा सण, किप्पूरचा उपास, उपासाच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, आणि पाठोपाठ सुक्कोत ते सिम्हात तोरापर्यंतची जेवणावळ. या तीन आठवड्यांत आपल्या पोटाला एक दिवस काय ती सुट्टी मिळते, तीही किप्पूरची, आणि ती सुटली की त्याची दुप्पट भरपाई करून घेतो. त्यामुळे दरवर्षी याच सुमारास आम्हाला फोन येतात, "पोट गच्च झालंय, आंबट ढेकर येतात, काही घरगुती असेल तर लिहा ना!"

म्हणून या खेपेला आजीबाईच्या बटव्यातून ओवा काढला आहे. औषध सोपं आहे, सांगून लगेच होईल. पण त्याच्याबरोबर आमच्या घरातली एक गोष्टही सांगायची आहे. आजवर ती आम्ही या पानावर लिहिली नव्हती. तेव्हा औषधाची कृती वाचून अंक मिटू नका, शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

आजीचं फडताळ

आमची आजी अलिबागकडची. तिच्या स्वयंपाकघरात एक फडताळ होतं आणि त्यात वरच्या फळीवर काचेच्या बरण्या. सुंठ, बडीशेप, जिरं, हिंगाची डबी, सैंधव, आमसुलं आणि ओवा. घरात कोणाचंही पोट दुखलं की हात पहिल्यांदा ओव्याच्या बरणीकडे जायचा. बिरड्याच्या रोजाला वालाचं बिरडं शिजायचं तेव्हा आजी फोडणीत आठवणीने चिमूटभर ओवा टाकी. वाल पोटात वारा धरतो हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. मलिद्याच्या दिवशीही तसंच. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, वर सगळ्यांचा आग्रह. एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन दोन वाट्या जास्त खाल्ल्या की संध्याकाळी पोरं रांगेत उभी आणि आजी प्रत्येकाच्या तळहातावर ओवा ठेवते आहे, हे चित्र अजून डोळ्यांपुढे आहे.

इकडे येताना आपल्या लोकांनी ट्रंकेत भांडी आणली, लोणची आणली, आणि ओवाही आणला. दिमोना असो, अश्दोद असो, लोद की रामले, आपल्या घरात ओवा नाही असं घर विरळा. नातवंडं त्याला नाकं मुरडतात, पण पोट दुखलं की मुकाट्याने चघळतात.

ओवा म्हणजे काय आणि तो करतो काय

ओव्याला आपण बी म्हणतो, पण ते खरं म्हणजे बारीकसं फळ आहे. जिरं, धने, बडीशेप, शहाजिरं ही सगळी त्याचीच भावंडं. ज्या झाडाच्या मुळाच्या चिकापासून हिंग करतात ते झाडही याच कुळातलं. पोटाची सगळी औषधं एकाच घरातली, असं म्हणायला हरकत नाही.

ओवा चोळून हुंगलात तर जो उग्र वास येतो तो थायमॉलचा. गुळण्या करायच्या काही औषधांतही हे थायमॉल घालतात. त्याने तोंडाला पाणी सुटतं, आतड्याच्या स्नायूंची आवळलेली ओढ सैल पडते, अडकलेला वारा सुटतो आणि माणसाला हलकं वाटतं. इथल्या झातारच्या पानाला तसाच वास येतो तो उगाच नाही. झातारच्या तेलातही थायमॉल आणि त्याचा सख्खा भाऊ कार्व्हाक्रॉल असतो.

एक घोळ मात्र दूर करू. पुष्कळांच्या मिरपेसेतमध्ये कुंडीत जाड, लवदार, कातरलेल्या कडांच्या पानांचं झाड असतं, आणि आपण त्याला ओव्याचं झाड म्हणतो. तो पानओवा. वास सारखा असला तरी झाड वेगळं आहे, ते तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. त्याची भजी झकास होतात, खोकल्याला काढाही करतात, पण त्याला ओवा धरत नाही.

ओवा संपला आणि जवळपास भारतीय सामानाचं दुकान नसलं तर काळजी नको. इथिओपियाहून आलेल्या आपल्या बांधवांच्या मसाल्याच्या दुकानात जा आणि ‘नेच अझमुद’ मागा. अम्हारीत नेच म्हणजे पांढरं. तेही आपल्यासारखाच ओवा स्वयंपाकात वापरतात. ‘तिकूर अझमुद’ मात्र मागू नका, तिकूर म्हणजे काळं, आणि हातात कलौंजी पडेल.

कृती

१. ओव्याची फक्की. अर्धा चहाचा चमचा ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजावा. तळहातावर चुरडून त्यात दोन बोटांच्या चिमटीत राहील एवढं सैंधव मिसळावं. चावून खावा, वर अर्धा पेला कोमट पाणी. जड जेवण, पोट फुगणं, वारा अडकणं यावर हा पहिला उपाय.

२. ओव्याचं पाणी. ज्यांना दात नाहीत किंवा ओवा तिखट लागतो त्यांच्यासाठी. एक चमचा ओवा दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवावा, गाळून घोट घोट प्यावा. त्यात बडीशेप अर्धा चमचा घातली तर चव सुधारते.

३. आलं-लिंबू. बोटाच्या पेराएवढं आलं किसून, त्यात लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ. जेवणाआधी पाव तास चाटावं. भूक मेली असेल, मळमळत असेल तर हे बरं.

४. हिंग. अर्धा चमचा कोमट पाण्यात चिमूटभर हिंग कालवून बेंबीभोवती लावण्याची रीत आपल्याकडे लहान मुलांसाठी आहे. बाळाला पोटात मात्र ओवा, हिंग, सैंधव काहीच देऊ नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही. बाळ सतत रडत असेल तर तिपात खालावमध्ये किंवा डॉक्टरकडे न्यावं.

हिंगाबद्दल आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. डबीतला आपला नेहमीचा बांधणी हिंग निव्वळ हिंग नसतो. त्यात डिंक आणि बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे तो खामेत्झ झाला. पेसाखला घर साफ करताना पाव-बिस्किटं शोधतो, पण हिंगाची डबी मसाल्याच्या डब्यात तशीच राहते. आणि ज्याला गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, त्याचं पोट या ‘औषधा’नेच बिघडायचं. डबीवर काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो.

ताक की सोलकढी?

मुंबई-पुण्याकडचा कोणीही वैद्य तुम्हाला सांगेल, जड जेवणावर हिंग-जिऱ्याचं ताक प्या. सल्ला चांगला आहे, पण तो आपल्यासाठी नाही. मटण खाल्ल्यावर ताक कुठलं? आपापल्या रिवाजाप्रमाणे तास मोजायचे, आणि तोवर पोटाने काय करायचं?

म्हणूनच आपल्या आज्यांनी नारळाला जवळ केलं. आपल्या मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, आणि जेवणानंतर आमसुलाची सोलकढी. तिला दुधाचा थेंब नाही, मांसाचा अंश नाही, दोन्ही ताटांना चालते. कोकणानेच आपल्याला कश्रूत पाळायला हात दिला असं आम्ही नेहमी म्हणतो.

आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, हाताने कोळून घ्यावी. दोन वाट्या पातळ नारळाचं दूध, ठेचलेली एक लसणीची पाकळी, हिरवी मिरचीचा तुकडा, जिरेपूड, मीठ, कोथिंबीर. उकळू नये, नाहीतर फाटते. डब्यातलं नारळाचं दूध वापरत असाल तर निम्मं पाणी घाला, ते फार दाट असतं. आणि अर्धी वाटीच प्या. नारळात तेल आहे. जेवण जड झालं म्हणून वर दोन पेले सोलकढी म्हणजे गाढवावर आणखी एक गोणी. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी आंबट जपूनच घ्यावं.

जिथे ओव्याचं काम नाही

आता थोडं खरं बोलू. ‘पोट बिघडलं’ या एका शब्दात आपण दहा दुखणी कोंबतो आणि सगळ्यांना एकच ओवा देतो. पण सगळी दुखणी एक नव्हेत.

जळजळ. छातीच्या मधोमध आग, घशाशी आंबट पाणी. इथे लोक त्याला त्सारेवेत म्हणतात. हे जठरातलं आम्ल वर येण्याचं दुखणं आहे. ओवा उष्ण, त्याने पुष्कळांची आग वाढते. पुदिन्याने अन्ननलिकेच्या तळाची झडप आणखी सैल पडते, म्हणून तोही नको. इथे उपाय वेगळा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, खाटेची डोक्याकडची बाजू थोडी उंच, आणि डाव्या कुशीवर झोपणं. शब्बाथला दुपारी पोटभर जेवून, हात पुसून लगेच आडवं होण्याची आपली जी गोड सवय आहे, तिच्यात निम्मी जळजळ आहे. आधी चालत एक फेरी मारा, मग झोपा.

दूध. शावुओतला चीजचे प्रकार खाल्ले की घरातल्या काहींचं पोट ढोलकीसारखं वाजतं. आपल्या लोकांत वय वाढलं की दुधातली साखर न पचणारे पुष्कळ असतात. त्यावर ओवा नाही, दूध कमी करणं हाच उपाय. अशांना दह्याचा त्रास सहसा कमी होतो.

खायचा सोडा. लिंबाच्या पाण्यात सोडा टाकला की फसफसतं, ढेकर येते, बरं वाटतं. पण सपाट चहाच्या एका चमचा सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहा असं सांगते. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं आहे, त्यांनी हा खेळ करू नये. सैंधव, पादेलोण हीसुद्धा मीठच आहेत, हेही विसरू नये.

दुखण्याच्या गोळ्या. गुडघे दुखतात म्हणून रोज गोळी, गोळीने पोट जळतं म्हणून रोज ओवा. ही जोडी आम्ही पुष्कळ घरांत पाहिली. अशा काही गोळ्यांनी जठराला जखम होते, रक्तही जातं. ओव्याने ती जखम भरत नाही. डॉक्टरला दोन्ही सांगा, गोळीही आणि ओवाही.

जंतू. वर्षानुवर्षं उपाशीपोटी दुखतं, खाल्लं की थांबतं, पुन्हा दुखतं. पूर्वी म्हणत, हा काळजीचा आणि तिखटाचा आजार. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी १९८२ साली जठरातला एक जंतू शोधून काढला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि आजारी पडले. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज हे कळायला फुंकर मारायची साधी बदिका आहे. एक पेय प्यायचं आणि नळीत फुंकायचं. जंतू सापडला तर बहुधा दोन आठवड्यांची औषधं. हा जंतू पुष्कळ वर्षं तसाच राहिला तर काहींना जठराचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून सांगतो, ओव्याच्या चमच्याने वर्षं काढू नका. १९९५ पासून कायद्याने प्रत्येक रहिवाशाला कुपत होलीम आहे. आपला फॅमिली डॉक्टर आपल्यासाठीच बसला आहे.

मामांची गोष्ट

आता ती गोष्ट.

२००३ सालच्या हिवाळ्यातली. आम्ही शब्बाथसाठी मामांकडे मुक्कामाला गेलो होतो. मामांचं वय एकसष्ट, कारखान्यात तीस वर्षं काम केलेलं दणकट शरीर, मधुमेह होता पण गोळ्यांवर. काळ्या मनुकांच्या शरबतावर किद्दुश झाला, मामींनी मटणाचा रस्सा आणि नारळीभात केला होता. मामा पोटभर जेवले, गाणी म्हटली.

रात्री दहा-साडेदहाला मामा उठून बसले. "पोटाच्या वरच्या बाजूला गच्च झालंय," म्हणाले, "वर छातीकडे चढतंय." अंगाला घाम होता. बाहेर थंडी, पण आम्हाला वाटलं हीटर जास्त झाला. आम्हीच मामींना म्हणालो, ओवा काढा. आम्हीच तळहातावर चोळून दिला. मामांना मोठी ढेकर आली, आणि आम्ही सगळे खूश. "बघा, सुटला वारा!"

दोन वाजता पुन्हा तेच. या वेळी जबडाही दुखत होता. मामांची दाढ तशीही किडलेली, आम्ही म्हटलं दाढच असेल. दुसऱ्यांदा ओवा, बेंबीवर हिंग. मामींनी एकदा फोनकडे पाहिलं. मामा म्हणाले, "शब्बाथ आहे. आणि इतक्या रात्री त्या लोकांना हिब्रूत काय सांगायचं, गॅस झालाय म्हणून? हसतील." आम्हीही मान डोलावली. आम्हालाही तसंच वाटलं. हे लिहिताना आजही हात जड होतो.

सकाळी सातला वरच्या मजल्यावरची मोरोक्कोची बाई जिना उतरत होती. दार उघडं होतं. तिने खुर्चीत बसलेल्या मामांचा राखेसारखा चेहरा पाहिला, मामींना दोन प्रश्न विचारले. केस झाकलेली, शब्बाथला दिव्याच्या बटणाला बोट न लावणारी बाई ती. एक शब्द न बोलता आत आली, आमच्याच घरचा फोन उचलला आणि १०१ फिरवला. अँब्युलन्स थोड्याच मिनिटांत आली. कार्डिओग्रामची पट्टी निघाली तसे त्या पोरांचे चेहरे बदलले.

इस्पितळात डॉक्टरने विचारलं, दुखायला कधी लागलं? आम्ही सांगितलं, रात्री साडेदहाच्या सुमारास. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. रागावला नाही. एवढंच म्हणाला, नऊ तास झाले, हृदयाचा एक भाग गेला, आता उरलेला सांभाळू.

मामा वाचले. सहा वर्षं जगले. पण तीन मजले चढताना प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून श्वास घेत. आम्हाला कधी बोल लावला नाही. एकदा आमचा चेहरा बघून स्वतःच म्हणाले, "अरे, ओवा चांगला होता. दुखणं वेगळं होतं."

असं का होतं?

हृदय पोटाच्या अगदी माथ्यावर बसलेलं आहे, मध्ये फक्त एक पडदा. दोघांच्या दुखण्याच्या तारा वाटेत एकमेकींना भेटतात, म्हणून हृदयाच्या खालच्या बाजूचं रक्त अडलं तर मेंदूला वाटतं पोटच दुखतंय. सोबत मळमळ होते, ढेकराही येतात. ढेकर आल्याने थोडं हलकं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं मुळीच नाही. बायकांमध्ये, वयस्क माणसांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हे फसवं दुखणं जास्त होतं. छातीत खंजीर खुपसल्यासारखी कळ, जी आपण सिनेमात पाहतो, ती त्यांना येतेच असं नाही. कधी नुसता दम लागतो, नुसता घाम येतो, नुसतं ‘कसंतरी’ होतं. आपल्या भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयाचं दुखणं इतरांपेक्षा लवकर वयात दिसतं, म्हणून हे आपल्यालाच अधिक लागू.

रक्ताची नळी अडली की हृदयाचा स्नायू मरू लागतो. ती जितकी लवकर उघडली तितका स्नायू वाचतो. आज नळी आतून उघडण्याची सोय आहे, पण माणूस वेळेत पोचला तर. आम्ही जो वेळ ओवा भाजण्यात घालवला, तोच मामांच्या हृदयाचा होता.

शब्बाथ आणि फोन

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही सगळी लेखणी झिजवली.

आपल्या समाजात वडीलधारी माणसं शब्बाथ मनापासून पाळतात, आणि तो आपला अभिमान आहे. पण त्या रात्री मामांनी ज्याला शब्बाथ पाळणं मानलं, ते शब्बाथ पाळणं नव्हतं. मिश्नाच्या योमा या भागात, आठव्या अध्यायात, स्पष्ट सांगितलं आहे की जिवाला धोका असल्याची नुसती शंका असली तरी ती शब्बाथला बाजूला सारते. खात्री हवी असं म्हटलेलं नाही, शंका पुरे. आणि हा नियम किप्पूरच्या दिवसाबद्दल बोलता बोलता आला आहे, म्हणजे सर्वांत कडक दिवशीही तो चालतो. आपल्या हाखामांनी पुढे असंही शिकवलं की अशा वेळी घाई करणारा स्तुतीला पात्र, आणि विचारत बसणारा चुकतो. त्या मोरोक्कोच्या बाईने हेच केलं. तिने कोणाला विचारलं नाही. शब्बाथ आम्हा सर्वांपेक्षा तिला जास्त कळला होता.

साध्या अपचनाला शब्बाथच्या दिवशी काय घ्यावं, काय नाही, ते आपापल्या हाखामांना आधीच, आठवड्याच्या दिवशी विचारून ठेवावं. पण छातीच्या दुखण्याला विचारायची गरज नाही.

आणि भाषेची लाज? ती तर सोडूनच द्या. चार शब्द फोनजवळ लिहून ठेवा. ‘केएव बाखाझे’ म्हणजे छातीत दुखतंय. ‘केएव बेतेन’ म्हणजे पोट दुखतंय. ‘दाखूफ’ म्हणजे तातडीचं. ‘कतोवेत’ म्हणजे पत्ता. आपला पत्ता हिब्रू अक्षरांत आणि देवनागरीतही लिहा, म्हणजे घाबरलेल्या वेळी आजीलाही वाचता येईल. १०१ वर हे चार शब्द सांगितले तरी पुरतं. कोणी हसत नाही. आणि तपासून नुसता गॅस निघाला, तर चांगलंच झालं, हसत घरी या आणि तेव्हा ओवा खा.

फ्रिजवर लावायची चिठ्ठी

आमच्या घरी ओव्याच्या बरणीवरच ही चिठ्ठी चिकटवलेली आहे. तुम्हीही कापून लावा.

१. दुखणं बेंबीच्या वर, छातीत, जबड्यात, खांद्यात किंवा हातात, सोबत घाम, दम किंवा चक्कर असेल तर ओवा नाही. १०१. दिवस कुठलाही असो.

२. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही, किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर थेट इस्पितळ. लोखंडाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ते ठरवायचं काम डॉक्टरचं.

३. पोट लाकडासारखं टणक, हात लावू देत नाही, ताप आहे, किंवा वारा आणि शी दोन्ही बंद असतील तर थांबू नका.

४. काही न करता वजन उतरतंय, घास अडकतोय, किंवा साठीच्या आसपास पोटाची तक्रार नव्याने सुरू झाली, तर याच आठवड्यात डॉक्टर.

५. साधं अपचन असेल तर ओवा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा बरणी उघडावी लागली तर बरणी बंद करा आणि डॉक्टरला फोन लावा. गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारूनच.

आम्ही आजही ओवा खातो. परवाच सुक्कामधून जेवून आलो तेव्हा खाल्ला. आजीच्या बरणीवर आमचा राग नाही. आजीच्या गावात रात्री दहाला डॉक्टर नव्हता, फोन नव्हता, अँब्युलन्स नव्हती. तिच्याजवळ होता तो ओवा, आणि जे होतं ते तिने प्रेमाने दिलं. आपल्याजवळ ओवाही आहे आणि फोनही आहे. दोन्ही हाताशी असू द्या, आणि कोणता कधी उचलायचा ते घरातल्या सर्वांना, नातवंडांनासुद्धा, शिकवून ठेवा.

पुढच्या अंकात काळ्या मनुकांच्या शरबताबद्दल लिहू. किद्दुशला ते कसं करायचं, आणि उरलेल्या मनुका बद्धकोष्ठाला कशा उपयोगी पडतात. तोवर पोट सांभाळा, त्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हृदयालाही सांभाळा.

शब्बाथ शालोम!